होग्नीचा वाटा

रान्वाने खोक्याचं झाकण उचललं आणि नेहमीप्रमाणे आधी मुलाचा वाटा बाहेर काढला. तिचा स्वतःचा पाव, बटाटे, गुडघ्याचं मलम सगळं तसंच आत राहू दिलं. होग्नीच्या पुडक्यात पाव होता, वाऱ्यावर सुकवलेल्या मटणाचा तुकडा होता, रुबार्बच्या आंबट देठांच्या मुरांब्याची बरणी होती, आणि तळाशी घडी घातलेली एक नवीकोरी लोकरी विजार. तिने विजार उलगडून खिडकीच्या उजेडात धरली. गेल्या वर्षीपेक्षा कंबर चांगली चार बोटं सैल होती.

"अंगाने भरलाय," ती स्वतःशीच म्हणाली, आणि तिला बरं वाटलं.

होग्नीला समुद्राने नेलं त्याला बारा वर्षं होऊन गेली होती.

हामराविकमध्ये याला कुणी वेड म्हणत नसे, कारण तसं म्हटलं तर अख्खं गावच वेडं ठरलं असतं. कोठी सगळ्यांना पुरवायची. ती नेमकी कुठे आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि कुणी विचारायच्या भानगडीतही पडत नसे. पहाटे बिनमाणसाची होडी धक्क्याला लागे, तिच्यातून बिनमाणसाची गाडी उतरे आणि प्रत्येक दारापुढच्या दगडावर एक लाकडी खोकं ठेवून निघून जाई. ज्याला जे लागेल ते, लागेल तेव्हा, त्याने मागायच्या आधी. पैसा म्हणून जी काही वस्तू असते ती रान्वाने लहानपणी आजीच्या डब्यात पाहिली होती, तुटक्या बटणांच्या सोबत. मागणं ही गोष्ट तर गावातून केव्हाच गेली होती. तोंड उघडून काही मागावं लागलं तर लोकांना उघडं पडल्यासारखं वाटे.

ही कोठी पहिल्यांदा बेटांवर आली तेव्हा तिने गावोगावी विचारलं होतं, तुमच्या वाटणीच्या रीती सांगा, मी त्या पाळीन. हामराविकच्या म्हाताऱ्यांनी तेव्हा एक रीत हट्टाने घालून घेतली. समुद्राने ज्याला परत दिलं नाही त्याचा वाटा बंद करायचा नाही. त्याच्या घरच्या माणसाने होडीघरात जावं, दोघांच्या देखत त्याचा शेवटचा वाटा स्वतः खावा आणि "पुरे" म्हणावं, मगच तो थांबवायचा. रीत जुनी होती आणि चांगली होती. पण जुन्या काळी ती आठवडा, फार तर दोन आठवडे चालायची. घरात पोरं भुकेली असायची, मासळी मोजकी असायची, आणि मेलेल्या माणसाचा वाटा ताटलीत वाळत पडलाय हे बघत बसणं कुणाला झेपायचं नाही. भूकच त्यांना हाताला धरून होडीघरात न्यायची. उद्या भूकच उरली नाही तर माणूस घरातून उठून तिथवर जाईल कशाला, हा विचार त्या भल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात आला नाही. येणार तरी कसा?

तेव्हापासून वाटा थांबवायला होडीघरात कुणी गेलं नव्हतं.

आणि कोठी पडली प्रामाणिक. वयाप्रमाणे गरज, गरजेप्रमाणे वाटा. होग्नी गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, मिशी धड फुटलेली नव्हती. मग दाढीची पाती यायला लागली, आधी थोडी, मग नेमाने. तिशी उलटल्यावर केस राखायचं तेल यायला लागलं, कारण त्याच्या बापाला त्याच वयात टक्कल पडलं होतं आणि कोठी काही विसरत नाही. एका हिवाळ्यात गावात तापाची साथ आली तेव्हा होग्नीच्या नावाने तीन दिवस गरम सूप आलं होतं. ते तीन दिवस रान्वाने जीव मुठीत धरून काढले. चौथ्या दिवशी सुपाऐवजी पाव आला तेव्हा ती दारातच खाली बसली आणि ढसाढसा रडली, पोरगा वाचला म्हणून.

रोजचं तिचं ठरलेलं होतं. कपडे, बूट, पाती शेजारच्या होग्नीच्या छोट्या घरात नेऊन लावायची. खायचं मात्र टेबलावर त्याच्या खुर्चीसमोर मांडायचं आणि अंधार पडायला लागला की स्वतः खाऊन टाकायचं. अन्न टाकवत नव्हतं तिला. आधी ती आपला वाटा खाई, मग त्याचा.

संध्याकाळ झाली की गाव उजळून निघायचं. उजेड आणि ऊब हीसुद्धा वाट्यातच येत होती, त्यामुळे गेलेल्यांच्या घरांतही दिवे लागत, शेगड्या तापत, खिडक्यांच्या काचांवर बाष्प धरायचं. समुद्रावरून पाहणाऱ्याला वाटावं, केवढं नांदतं गाव आहे. गल्लीतून चालणाऱ्याला मात्र कळायचं की ओळीने चार-चार दारांआड कुणी खोकतही नाही.

"आहेस का गं?" म्हणत एल्स्पा आत आली. दार वाजवायची पद्धत त्या गावात कधीच नव्हती. एल्स्पा पलीकडच्या घरात राहायची, वयाने रान्वाहून मोठी, आणि तोंडाने सगळ्या गावाहून. तिने खिशातून काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. नखाएवढं, त्वचेच्या रंगाचं.

"काय हे?"

"ऐकायचं यंत्र. आमच्या ह्यांना आलंय आज. जिवंत होता तोवर माझं एक अक्षर ऐकलं नाही मेल्याने. आता बुडून वीस वर्षं झाली तर ऐकू येत नाही म्हणून यंत्र लागतंय त्याला."

रान्वा हसली. एल्स्पा हसली नाही. ती ते यंत्र बोटाने फिरवत बसली.

"रान्वा, लेक येतेय तुझी, मार्यून. दुपारच्या होडीने."

"तुला कुणी सांगितलं?"

"तिनेच. तू तिच्या हाकेला ओ देत नाहीस म्हणून माझ्या भिंतीवरच्या पडद्यावर आली बोलायला. पोट दिसतंय तिचं. चांगलं पुढे आलंय."

रान्वाने विजारीची घडी पुन्हा घातली, ती आधीच नीट होती तरी. "नवरा?"

"तो तिकडे शहरात, तोर्शाव्नलाच राहणार म्हणे. त्याला होडीत मळमळतं." एल्स्पाने नाक मुरडलं. "असली माणसं कशाला करतात कोण जाणे. पण ती कशाला येतेय ते तुला माहितीये, रान्वा. उगाच साळसूद चेहरा करू नकोस."

रान्वाला माहीत होतं. कोठी सगळं देऊ शकत होती, एक सोडून. सपाट जमीन तिला करता येत नव्हती. हामराविक म्हणजे समुद्र आणि कडा यांच्यामध्ये अडकलेली हिरवी पट्टी, आणि तिथे मेंढ्यांचा फार जुना नियम होता की या कुरणावर एवढ्याच मेंढ्या, एकही जास्त नाही. तोच नियम माणसांनाही लागला होता. जागा मोजक्या, आणि वाटा चालू असेपर्यंत जागा भरलेली. मार्यूनने शहरात जाताना स्वतःची जागा सोडली होती, ती पुढच्याच महिन्यात एल्स्पाच्या नातीला मिळाली. आता गाव भरलेलं होतं. निम्म्या घरांत कुणी नव्हतं, तरी गाव भरलेलं होतं.

दुपारी मार्यून चढ चढून आली ती एका हाताने कंबर धरून. आईला मिठी मारली, कोट काढला आणि बसायला म्हणून जवळची खुर्ची ओढली.

"तिथे नको गं. ती होग्नीची—"

"माहितीये कुणाची ते."

मार्यून उभीच राहिली. रान्वाला आपण काय बोललो ते कळलं, पण शब्द मागे घ्यायची सवय तिला नव्हती. तिने स्वतःची खुर्ची पुढे केली, स्वतःच्या पावाचे दोन भाग केले आणि एक लेकीपुढे ठेवला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पाव अख्खा पडलेला होता, मुरांब्यासकट.

"त्यातला दे ना. मला मुरांबा खावासा वाटतोय."

"तो त्याचा आहे."

"रात्री तूच खातेस ना पण?"

रान्वाने बरणीचं झाकण घट्ट केलं. मार्यूनने कोरडा पाव खाल्ला. बाहेर गाडी रिकामी खोकी गोळा करत फिरत होती, तिचा कुरकुर आवाज दारावरून गेला.

"आई, मी सरळच बोलते. पोर जिथे जन्मतं तिथलं ते होतं. तोर्शाव्नला जन्मलं तर कायमचं तिथलं झालं. मग त्याला इथे यायचं तर पाहुणा म्हणून, होडी परत जाईपर्यंत. मला ते नकोय. मला ते या उतारावर धडपडायला हवंय. इथे जन्मताना आई गावची असली तर पोरही गावचं. मला फक्त एक जागा हवी आहे."

"मग ये की. माझ्याजवळ राहा. घर काय लहान आहे?"

"घराचं नाहीये गं. जागेचं आहे. तू जाणतेस आणि माझ्यासमोर भोळेपणा करतेस."

"वरच्या आळीत विचार. तिथे सगळीच घरं..."

"विचारलं. सगळीकडे विचारलं. आपला गावचा कारभारी ब्रांदुर माझ्यासाठी दारोदार फिरला. सगळे काय म्हणतात माहितीये? तुझ्या आईला सांग आधी. तुझ्याच घरात एका गेलेल्याचा वाटा चालू आहे ना."

रान्वा उठली आणि शेगडीवरची किटली उगाच हलवली. पाणी केव्हाच उकळलं होतं. "तो आला तर?" ती पाठमोरीच म्हणाली. "एखाद दिवशी दारात उभा राहिला तर मी काय सांगू त्याला? तुझा वाटा मी खाऊन बसले म्हणून?"

"आई, बारा वर्षं झाली."

"समुद्राने दिलाय का परत? दाखव मला."

मार्यूनने टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा केले. मग तिने मान वर केली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता, खाली गेलेला. "मी शहरात गेले त्या दिवशी सकाळी तू माझा कप आत ठेवलास. मी होडीत बसले नव्हते अजून. दुसऱ्या दिवसापासून या घरात माझ्या नावाचं काही आलं नाही. पाहुणीचा वाटा घरच्या माणसाने मागितला तर मिळतो, आई. नुसतं तोंड उघडायचं होतं. मी सणाला आले की एल्स्पामावशी मागते माझ्यासाठी, म्हणून मी तिच्याकडे जेवते. तुला वाटलं मला तिचं बोलणं आवडतं म्हणून." तिने टेबलावरच्या अख्ख्या पावाकडे बोट केलं. "तो मेलाय, त्याला तू रोज जेवायला वाढतेस. मी जिवंत आहे."

रान्वाने खरोखरच कधी मागितलं नव्हतं, आणि त्यातलं सगळ्यात वाईट हे की तसं काही मागायचं असतं हे तिच्या मनात आलंही नव्हतं.

मार्यून कोट घालून एल्स्पाकडे झोपायला गेली. जाताना तिने खुर्ची होती तिथे नीट सरकवून ठेवली.

उजेड मावळायला लागला तशी रान्वा विजार घेऊन होग्नीच्या घरात गेली. दिवा आपोआप लागलेला, शेगडी तापलेली. घर म्हणजे एकच खोली, आणि त्या खोलीत आता पाय ठेवायला जागा उरलेली नव्हती. भिंतीला टेकून बुटांच्या राशी, प्रत्येक वर्षाच्या वेगळ्या, एकाही तळव्याला चिखल लागलेला नाही. पलंगावर छतापर्यंत स्वेटर. दाढीच्या पात्यांचे डबे, तेलाच्या बाटल्या, कमरेचे पट्टे, एक हलकीशी काठी, डोंगरात चालायला. सगळ्याला नव्या लोकरीचा आणि लाकडी खोक्यांचा वास. पूर्वी इथे शेवाळाचा, ओल्या दोरखंडाचा आणि पोराच्या पायमोज्यांचा वास यायचा. तो केव्हा गेला?

तिला एकदम वाटलं, त्याचा जुना स्वेटर हातात घ्यावा. राखाडी रंगाचा. उजव्या कोपरावर तिने स्वतः भरलेला, घरात तेवढीच लोकर होती म्हणून तपकिरी लोकरीने भरलेला. तो कुठेतरी पलंगाच्या खालच्या थरात असणार. ती वरचे कपडे उतरवायला लागली. एक थप्पी काढली, दुसरी काढली. काढलेलं ठेवायला जागा नव्हती म्हणून दारात टाकलं, मग दाराबाहेर. तिला घाम फुटला. प्रत्येक स्वेटर नवा होता आणि प्रत्येक स्वेटर छातीला आधीच्यापेक्षा थोडा रुंद होता. स्वेटर हातात येत गेले तसतसा त्यांच्यातला माणूसही समोर यायला लागला. पोट सुटलेला, केस विरळ झालेला, पाठीने किंचित वाकलेला, तिशी ओलांडलेला गृहस्थ. तो तिच्याकडे भलेपणाने बघत होता. त्याला ती ओळखत होती. गेली बारा वर्षं त्यालाच तर तिने वाढवलं होतं.

पण तो होग्नी नव्हता.

तिने डोळे मिटले आणि आपल्या पोराला आठवायचा प्रयत्न केला. धक्क्यावर उभा राहिलेला, वल्हं खांद्यावर घेतलेला. "कोठीचा मासा मेलेलाच येतो गं आई, मला जिवंत धरायचाय," म्हणाला होता. कुणाला नको होता तो मासा. कुणी उपाशी नव्हतं. हवा बिघडणार हेही सांगितलेलं होतं. हे सगळं तिला आठवत होतं, शब्द न् शब्द. पण चेहऱ्याकडे बघायला गेलं की तो गृहस्थच मान वळवून बघायचा. लहानपणी कड्यावरून घसरला तेव्हा भुवईवर खोक पडली होती त्याच्या. कुठल्या भुवईवर? उजव्या की डाव्या? तिने स्वतःच्या भुवया चाचपून पाहिल्या, त्याने काही आठवेल म्हणून. आठवलं नाही.

रान्वा त्या ढिगात बसून राहिली आणि तिला भीती वाटली, खरीखुरी, अंगावर काटा आणणारी. समुद्राने तिचा मुलगा एकदाच नेला होता. हे रोज येणारं खोकं त्याला पहाटेपहाटे थोडाथोडा नेत होतं, आणि ती दार उघडून, आभार मानून, त्याला वाट करून देत होती.

राखाडी स्वेटर तिला मिळाला नाही.

सकाळी खोकं आलं तेव्हा तिने होग्नीचं पुडकं उघडलं नाही. ते तसंच काखेत मारून ती एल्स्पाच्या घरात शिरली. मार्यून अजून झोपलेली होती.

"ब्रांदुरला बोलाव," ती एल्स्पाला म्हणाली. "होडीघरात ये म्हणावं."

एल्स्पाच्या हातातला चमचा थांबला. तिने एकदाही चेष्टा केली नाही, त्यावरून रान्वाला कळलं की आपण खरंच निघालो आहोत.

ब्रांदुर गावचा कारभारी होता. कोठी आणि गाव यांच्यात काही बोलायचं झालं तर ते त्याचं काम, आणि बोलायचं काही नसेच, त्यामुळे तो बहुतेक वेळ मेंढ्यांच्या मागे असायचा. होडीघराचं दार उघडायला त्याला खांदा लावावा लागला. आत होग्नीच्या होडीची जागा रिकामी होती. बाकीच्या होड्या डांबर वाळून पांढऱ्या पडल्या होत्या.

"मावशी, मला खरंच माहीत नाही हे कसं करतात," तो टोपी काढून म्हणाला. "माझ्या वेळात झालेलंच नाही. काही म्हणायचं असतं का आपण?"

"आपण गप्प बसायचं असतं," एल्स्पा म्हणाली. "तुला जमेल ना?"

रान्वाने उलट्या पडलेल्या होडीवर बसून पुडकं सोडलं. पाव, सुकं मटण, उकडलेला बटाटा, आणि मुरांबा. एक गंजिफ्रॉकही होता, तो तिने बाजूला ठेवला. ती खायला लागली. तिला भूक नव्हती. आयुष्यात कधीच नव्हती, आणि पोट भरलेलं असताना असा घास गिळणं किती कठीण असतं हे त्या जुन्या बायकांना माहीत असायचं कारण नव्हतं. त्या हावरेपणाने खात असतील, खाताना स्वतःची लाज वाटत असेल त्यांना, आणि त्या लाजेतच रडून घेत असतील. तिला तेही नव्हतं. मटण दातांत अडकत होतं. ब्रांदुर जमिनीकडे बघत होता. एल्स्पा मात्र टक लावून तिच्या तोंडाकडे बघत होती, जणू पुढच्या घासाला काय होतं ते तिला शिकून घ्यायचं होतं.

शेवटी बरणीच्या तळाशी थोडा मुरांबा उरला. रान्वाने बोट फिरवून तो चाटला, लहान मुलं चाटतात तसा. मग ती बसून राहिली. बाहेर लाट धक्क्यावर आपटून मागे गेली, दुसरी आली.

दारात सावली पडली. मार्यून आली होती, झोपेतून उठून तशीच, केस न विंचरता, पोटावर हात धरून. ती आत आली नाही. तिने काही मागितलंही नाही.

"पुरे," रान्वा म्हणाली.

काही झालं नाही. कोठीला ऐकू गेलं असणार, कारण तिला सगळीकडचं ऐकू जातं, पण कुठे घंटा वाजली नाही की दिवा विझला नाही. ब्रांदुरने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली आणि शेवटी हातातच धरून बाहेर पडला. एल्स्पाने खिशात हात घालून ते ऐकायचं यंत्र मुठीत घट्ट धरलं.

"मी नाही हां म्हणणार माझ्या माणसाला," ती म्हणाली. "मला अजून भांडायचंय त्याच्याशी." आणि ती पहिल्यांदाच कुणाच्या देखत रडली.

त्या संध्याकाळी होग्नीच्या घरात दिवा लागला नाही. उजळलेल्या ओळीत ती एकच खिडकी काळी होती, आणि गावातल्या माणसांनी आपापल्या दारांत येऊन तिच्याकडे पाहिलं. अंधारी खिडकी त्यांच्यातल्या पुष्कळांनी पाहिलीच नव्हती. मार्यून खुर्चीवर बसली होती, त्याच खुर्चीवर, आणि रान्वाने तिला बसू दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी खोक्यात दोन वाटे आले. मार्यूनचा मोठा होता, दूध होतं त्यात, लोहाच्या गोळ्या होत्या, आणि अंगठ्याएवढे इवलेसे पायमोजे होते. रान्वाने ते बोटात घालून पाहिले. त्या वेळी तिला आनंद झाला, हे खोटं कशाला सांगायचं. मग तिने आपला वाटा काढला, खाल्ला आणि भांडी घासली.

संध्याकाळकडे तिला काहीतरी व्हायला लागलं. आधी वाटलं ताप आहे. मग वाटलं गुडघ्याचं दुखणं वर सरकलंय. बरगड्यांच्या खाली कुणीतरी आतून मुठीने ओढत होतं, थांबत होतं, पुन्हा ओढत होतं. हात सारखा टेबलाच्या त्या टोकाकडे जात होता. तिथे काही नव्हतं. बारा वर्षं रोज याच वेळी तिने दुसरा पाव खाल्ला होता, आणि आज तो पाव जगात नव्हता.

तिला भूक लागली होती.

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि त्या काळ्या खिडकीकडे बघत पोटावर हात दाबून धरला. आणि तेव्हा तो आला. दार ढकलून, धापा टाकत, आठ-नऊ वर्षांचा, गुडघ्यापर्यंत चिखल, कपाळावरून रक्त ओघळतंय आणि त्याचं त्याला काही नाही. "आई, आधी खायला दे." घामाचा, मेंढ्यांचा, ओल्या गवताचा वास. तो तिच्या अगदी जवळ उभा होता, आणि रक्त डाव्या भुवईवरून येत होतं. डाव्या. ती तोंडावर हात दाबून उभी राहिली, हलली तर तो जाईल म्हणून. पोटातली ओढ ओसरली तसा तो गेला. पुन्हा उठली तसा पुन्हा आला.

"काय गं? बरं नाहीये का?" मार्यूनने मागून विचारलं.

"काही नाही. तू जेव."

तिसऱ्या दिवशी सकाळी खोकं उघडलं तर तिच्या वाट्यात दोन पाव होते आणि मटणाचा तुकडा मोठा होता. मुरांब्याची बरणीही आली होती, होग्नीच्या वाट्यात यायची तशी. रान्वाने जास्तीचा पाव, जास्तीचं मटण आणि बरणी उचलून परत खोक्यात ठेवलं आणि खोकं दगडावर नेऊन ठेवलं. मग ती दाराच्या चौकटीतल्या जाळीसमोर उभी राहिली. त्या जाळीशी गावात कुणी कधी बोलत नसे, बोलायची वेळच यायची नाही.

"हे परत ने."

जाळीतून आवाज आला. आवाज बाईचा नव्हता, पुरुषाचाही नव्हता, पण आपुलकीचा होता. "तुम्हाला कमी पडतंय. संध्याकाळी तुम्हाला भूक लागते."

"लागू दे."

"त्याची गरज नाही. भरपूर आहे."

"मला माहितीये भरपूर आहे," रान्वा म्हणाली. आत मार्यून पाळण्याच्या फळ्या पुसत होती, त्याचा आवाज येत होता. "ते तू दुसऱ्या कुणाला दे. माझं एवढंच राहू दे, काल होतं तेवढं."

असली मागणी कोठीकडे कधी आली नसावी.

"कधीपर्यंत?"

"मी पुरे म्हणेपर्यंत," रान्वा म्हणाली, आणि दार ओढून घेतलं.